बंबई रोडवरची मागची सीट

लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सिकंदराबादजवळच्या नारायणगुड्याच्या आमच्या घरात मी जेवढ्या येरझाऱ्या घातल्या, तेवढ्या सरळ रेषेत घातल्या असत्या तर मी पायी माहेरी, नांदेडला पोचले असते. घर वाईट नव्हतं. सासरे सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, सासूबाई शांत, कामाचं ओझं फारसं नाही. पण मला एका जागी बसवतच नसे. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून गच्चीवर, गच्चीवरून परत खाली. "हिच्या पायाला भिंगरी लागलीय," सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. रागाने नाही, घरात नवा फ्रीज आलाय हे सांगावं तशा.

नवरा मात्र महिन्यातून एकदा सुटायचा. कारखान्यातली पक्की नोकरी सोडून त्यांनी मिक्सर बनवणाऱ्या एका नव्या कंपनीत विक्रीची नोकरी धरली होती. ते दिवसच तसे होते, रोज कुठली ना कुठली नवी कंपनी निघायची आणि गावोगावी तिचे डीलर नेमले जायचे. सासऱ्यांना ते पटलं नव्हतं. पण नवरा मोटारसायकलला किक मारून बंबई रोडला लागायचा तेव्हा मला त्यांचा इतका हेवा वाटायचा की त्यांच्या डब्यात पोळ्या भरताना मी भांडी आपटायची. पटानचेरू, संगारेड्डी, सदाशिवपेट, जहीराबाद, बिदर. ही नावं मला पाठ होती.

"मला पण न्या," मी म्हणत राहिले, आणि शेवटी कंटाळून त्यांनी नेलं.

संगारेड्डीला उतरले तेव्हा मला उभं राहता येईना. साडी नेसलेली, दोन्ही पाय डावीकडे सोडलेले, कंबर एकीकडे आणि मान दुसरीकडे वळलेली. पायाला मुंग्या आलेल्या, माकडहाडात कळ मारत होती. एका दुकानाच्या ओट्याला धरून मी रडकुंडीला आले आणि डीलर माणूस बिचारा खुर्ची घेऊन धावला. खुर्चीवर तर मुळीच बसवेना. मला बसनं परत पाठवलं.

संध्याकाळी घरात निकाल लागला. सासूबाई म्हणाल्या, बायकांचं हे काम नव्हे. नवरा म्हणाला, "कशाला परेशान व्हायलीस? ही सीटच लांबच्या रस्त्याची नाही. सीट नीट होईपर्यंत तू येऊ नको." ते सहज बोलून गेले, विषय संपवायला. मी ते शब्द धरून बसले. सीट नीट झाली की मला जाता येणार होतं. मग सीट नीट करायची.

आधी मी सोफ्याची उशी सुतळीने बांधली. फाटकापर्यंत स्वर्गसुख, हिमायतनगरच्या पहिल्या खड्ड्यात उशी निघून रस्त्यावर. मग मऊ फोमची लादी आणून सीटच्या आत भरली. बसल्या बसल्या फार छान वाटायचं, पण थोड्या वेळानं फोम दबून जायचा आणि खालचा पत्रा मांडीला लागायचा. शिवाय सीट इतकी उंच झाली की सिग्नलला नवऱ्याचे पाय टेकेनात. एकदा तर नामपल्लीला गाडी कलंडता कलंडता राहिली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर टाळून समोरच्या बसचा नंबर वाचायला लागले.

तेव्हा सासरे पुढे सरसावले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं, आणि मुलाच्या नोकरीवर रुसून मोटारसायकलकडे ते बघतही नसत. आता मात्र चष्मा लावून, टेप घेऊन ते सीटभोवती फिरायला लागले. "सुनबाई, तू बस जरा. हां. आता पाय सोड. हं." मला तसंच बसवून त्यांनी चारही बाजूंनी मापं घेतली आणि जेवताना जाहीर केलं, "ती बाहेर घसरायलीय. म्हणून सगळा ताण कंबरेवर. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतो ना आम्ही? तसं सीटची डावी कड उचलायची."

सगळ्यांना ते एकदम पटलं. मलाही. आमच्या घरात सगळे शिकलेले, आणि सगळ्यांनी मिळून एक सीट अशी बनवायचं ठरवलं की जिच्यावर सुनेला दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बिदरपर्यंत बसता येईल. दुसऱ्या तऱ्हेने बसता येतं, हे कुणी नाकारलं नव्हतं. ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कॉलेजात सायकल चालवलेली मी, माझ्याही नाही.

सिकंदराबादला गाड्यांच्या सीटा बनवणारं एक दुकान होतं. सासरे स्वतः गेले. दुकानदाराने चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "साब, ऐसी टेढ़ी सीट तो मैं आज तक नै बनाया."

"बनाओ तुम," सासरे म्हणाले. सगळं आयुष्य कंत्राटदारांशी बोलण्यात गेलेलं, त्याच आवाजात.

त्या सीटवरून मी बाहेर घसरत नव्हते हे खरं. मी आत घसरायला लागले. प्रत्येक धक्क्याला मी पाठीमागे उजवीकडे कलायची, आणि पडू नये म्हणून नवऱ्याचा शर्ट मुठीत धरायची. पटानचेरूपर्यंत त्यांच्या शर्टाची बटणं गळ्याला आवळली होती. गाडी बाजूला घेऊन ते खाली उतरले, कॉलर सैल केली आणि म्हणाले, "बघ. होत नाही ना? सोड आता हे खूळ."

मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. अंगाचा तिळपापड झाला होता. या माणसाला कुठेच दुखत नव्हतं. दर महिन्याला एवढं अंतर जातो आणि याला कसं काही होत नाही? पुन्हा गाडीवर बसायला त्यांनी एक पाय उचलून पलीकडे टाकला. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. मी रस्त्याच्या कडेला स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या महिन्यात मी सलवार-कमीज घातला. प्रवासाला बरा पडतो म्हटल्यावर सासूबाईंनी मान डोलावली. फाटकापासून मी नेहमीसारखी पाय डावीकडे सोडून बसले. कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्डाच्या चाळी मागे पडल्यावर, जिथे आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं, मी गाडी थांबवायला लावली आणि पाय पलीकडे टाकला.

"अगं, कोणी बघेल," नवरा म्हणाला.

"बघू द्या. तुमच्याकडे बघतात का?"

बसले आणि लक्षात आलं, सासऱ्यांनी केलेला तो उतार आता माझ्या मुळावर आला होता. डावं खुब्याचं हाड वर, उजवं खाली. थोड्याच वेळात मी परत कण्हायला लागले. नवऱ्याने मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटकेसारखं काहीतरी दिसलं आणि ते मला आवडलं नाही, पण का ते तेव्हा कळलं नाही.

ते कंपनीच्या मीटिंगला रेल्वेने विजयवाड्याला गेले तेव्हा मी पाना घेऊन सीटचे बोल्ट काढले, सीट जुन्या चादरीत गुंडाळली आणि सिटी बसने सिकंदराबादला निघाले. ती भली मोठी सीट मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे सगळी बस बघत होती. शेजारच्या म्हातारीने तेलुगूत विचारलं, यात काय आहे? सीट, मी म्हणाले. तिने माझ्या खालच्या सीटकडे बघितलं, मांडीवरच्या सीटकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुकानदाराने मला नाही, सीटला ओळखलं. "ये तो वोइच टेढ़ी सीट है."

"सीधी करो," मी म्हणाले. "सीधी, चौडी, और सख्त."

"सख्त होना? लेडीज लोगां तो नरम मांगते."

"नरम नक्को."

मऊपणाचा मला पुरता अनुभव आलेला होता. त्याने कडक फोम लावला, मागची बाजू पुढच्यापेक्षा जरा रुंद केली, आणि पुढे घसरू नये म्हणून बारीकसा चढ ठेवला. रेक्झिनची शिवण बसायच्या जागेवरून काढून कडेला नेली. घरी सासऱ्यांना मी सांगितलं की उतार थोडा कमी करून घेतला. ते हिरमुसले, पण सीटवर हात फिरवून म्हणाले, "काम साफ केलंय."

आणि आम्ही निघालो. ठरलं असं की मला जहीराबादला परतीच्या बससाठी बसस्टँडवर सोडून ते पुढे बिदरला जाणार. कुकटपल्लीनंतर मी पाय पलीकडे टाकला. सुरुवातीला सीट टोचली. कडक आहे, चुकलं वाटतं, असं मनात आलं. पण पटानचेरूच्या कारखान्यांपर्यंत टोचणं थांबलं आणि मग मी सीटला विसरूनच गेले. संगारेड्डी गेलं. दोन्ही बाजूंना उसाची शेतं लागली. कानात वारा इतका की कुणाचं काही ऐकू येत नव्हतं.

जहीराबादला चहाच्या टपरीवर मी टुणकन उडी मारून उतरले. "कुठंच दुखत नाही," मी म्हणाले.

"हौ?"

"हौ. कंबर नाही, मान नाही. पुढच्या महिन्यात बिदरपर्यंत येते."

ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात ऊन लई होईल."

"मग त्याच्या पुढच्या."

"तेव्हा पाऊस."

"सीट नीट झाली की ये, असं तुम्हीच म्हणाला होता."

"सीटचं काय नाही गं." त्यांनी कप खाली ठेवला. "रागावू नको. घरात बाबा बोलायलेत, ऑफिसात साहेब, दुकानात डीलर. दिवसभर कोणी ना कोणी असतंच. या रस्त्यावरच तेवढा मी एकटा असतो. मला ते पाहिजे असतं."

मी पेटले. उशी, फोम, सासऱ्यांची मापं, बसमधली ती म्हातारी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एवढे महिने मी एक सीट घेऊन भांडत होते, आणि त्या भांडणात सीट कुठेच नव्हती. जिभेवर चार शब्द आले होते. पण ते म्हणाले त्यातलं एक अक्षरही मला खोटं म्हणता येईना, आणि त्याचाच मला जास्त राग आला. कारण घरात गॅलरीतून गच्चीवर, गच्चीवरून खाली मी तेच तर शोधत फिरत होते. पटानचेरूपासून मी एक शब्द बोलले नव्हते. कुणी मला पाणी मागितलं नव्हतं, कुठे निघालीस म्हणून विचारलं नव्हतं. माझ्यापुढे नवरा बसलाय हेसुद्धा मला आठवत नव्हतं.

"आणि मी तुमच्याबरोबर येते असं वाटलं का तुम्हाला?" मी म्हणाले. "मी पण एकटीच येते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नव्याने ओळख झाल्यासारखं. मग टपरीवाल्याकडे कप दिले, गाडीला किक मारली. मी मागे बसले, पाय पलीकडे टाकून. बसस्टँड आलं. माझी बस समोर उभी होती, कंडक्टर ओरडत होता. गाडी थांबली नाही. बिदर येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही, आणि मला फार सुख वाटलं.