मुलुंड ते अंधेरी, एक जोडी बुटांसह

मुलुंडहून अंधेरीला सायकलने का गेलात, असे कोणी विचारले तर आम्हा तिघांची उत्तरे वेगळी येतील. प्रभाकर म्हणेल, आगगाडीने आधी दादर गाठायचे आणि तिथून दुसऱ्या गाडीने पुन्हा तेवढेच वर यायचे, हा द्राविडी प्राणायाम कोणी सांगितला? भिवाकाका म्हणतील, गाडीत फुटबॉलवर मनासारखे भांडता येत नाही, परके लोक मध्ये बोलतात. माझे कारण साधे होते. माझ्या पिशवीत विनूचे बूट होते, आणि जबाबदारीची वस्तू बरोबर असली की वाहन आपल्या पायाखाली असलेले मला बरे वाटते.

विनू आमच्या चाळीतला, माझ्याच वयाचा. चाळीतून कॉलेजात गेलेला तो एकटाच. माटुंग्याच्या त्याच्या कॉलेजचा संघ स्पर्धेच्या अंतिम सामन्याला पोचला होता आणि सामना रविवारी दुपारी अंधेरीच्याच संघाशी, त्यांच्या मैदानावर होता. विनू आघाडीला खेळतो आणि आजवर अनवाणीच, घोट्याला पट्टी बांधून खेळत आला. पण या सामन्याला एका गिरणीच्या संघाचे सेक्रेटरी त्याला पाहायला येणार होते. त्यांचा निरोप स्पष्ट होता : बूट घालून खेळ, आवडलास तर संघात जागा आणि गिरणीच्या स्टोअरमध्ये नोकरी. बूट प्रभाकरच्या मावसभावाकडून मिळाले. तळाच्या चामडी पट्ट्या झिजल्या होत्या, त्या बदलायला चांभाराकडे दिले, आणि चांभाराने ते रविवारी सकाळी दिले. तोवर विनू संघाबरोबर पुढे गेला होता. म्हणून बूट माझ्याकडे.

निघताना विनूच्या आईने खिडकीतून हाक मारली.

"दत्ता, आज तो गिरणीवाला येणाराय ना?"

"हो काकू."

"त्यानं पसंत केलं तर हा कॉलेज सोडणार. परवा तोंडावर बोलला मला. बी. ए. व्हायला दीड वर्ष राहिलंय रे फक्त." काकूंनी इकडेतिकडे पाहिले. "तू जातोयस, तर देवाला एवढंच सांग, आज जरा वाईट खेळू दे त्याला. तुझ्यासारखं नको व्हायला त्याचं. राग नको मानू हं."

मी राग मानला नाही. माझी शाळा इंग्रजी सहावीत सुटली आणि आता मी छापखान्यात खिळे जुळवतो. काकू बोलल्या त्यात काही चूक काढण्यासारखे नव्हते. शिवाय त्यांनी प्रवासासाठी दशम्यांचा डबा दिला. अशा रीतीने माझ्या पिशवीत एका बाजूला विनूने चांगले खेळावे म्हणून बूट होते, दुसऱ्या बाजूला त्याने वाईट खेळावे म्हणून दशम्या. वजन दोन्हींकडे सारखेच भरल्यामुळे सायकल मात्र सरळ चालली.

हा रस्ता कोणाला करायचा असेल तर सकाळी लवकर निघावे. भाड्याची सायकल आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवावी आणि ब्रेक स्वतः पाहावेत. मी पंप, रबराचे तुकडे, सोल्यूशन, छत्री, कापूस आणि बुटांच्या नाड्यांची जादा जोडी घेतली होती. नाडी तुटेल म्हणून एक, आणि ती जादा नाडी तुटेल म्हणून आणखी एक. प्रभाकरने फक्त मते घेतली होती.

भांडुपपर्यंत आग्रा रोड चांगला आहे. श्रावण असल्यामुळे दोन्ही बाजूंना हिरवे होते. रुळांपलीकडच्या मिठागरांवर पाणीच पाणी. ट्रक मागून आला की डावीकडे चिखलात उतरावे लागते, तेवढे सोडले तर त्रास नाही. विक्रोळीला नवे कारखाने उठत आहेत, तिथे खडी पडली आहे, उतरून चालावे.

वाद भांडुपच्या आधीच सुरू झाला होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : शहरातल्या संघांचे अ, ब आणि क असे गट असतात. अ गट सर्वांत वरचा. कॉलेजचा खेळ या तिन्हींत कुठे बसतो, यावर मुलुंडात आजवर दोन माणसांचे एकमत झालेले नाही. प्रभाकर विमा कचेरीत कारकून आहे, बी. ए. झालेला आहे आणि कॅरम उत्तम खेळतो. फुटबॉलला त्याने कधी पाय लावलेला नाही, त्यामुळे त्याची मते कुठे अडखळत नाहीत. भिवाकाका मालवणकडचे. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवतात आणि तरुणपणी गिरणीच्याच संघात अनवाणी खेळलेले आहेत. कोणत्या गटात, ते दर वेळी थोडे वर सरकते.

घाटकोपरला चहाला थांबलो. स्टेशनकडे वळताना कोपऱ्यावर हॉटेल आहे, बटाटेवडा गरम मिळतो. पाटीवर 'उपहारगृह' लिहिले आहे. पाहिजे 'उपाहारगृह'. उपहार म्हणजे भेटवस्तू. मी मालकाला तसे सांगितले.

"मग चहा नको का?" त्याने विचारले.

चहा आल्यावर प्रभाकरने टेबलावर शास्त्र मांडले. "हे बघा काका. ही बशी म्हणजे क गट. हा कप ब गट. ती साखरदाणी अ गट. आपला विन्या इथे." त्याने चमचा बशी आणि कपाच्या मध्ये ठेवला. "कॉलेजातला राजा म्हणजे ब गटातला शिपाई. लेव्हलच वेगळी असते ना! तिथे बूट, तिथे शिस्त, तिथे पासिंग. इथे काय, जो तो बॉल घेऊन पळतो."

भिवाकाकांनी बशी उचलली, त्यातला चहा संपवला आणि ती पालथी ठेवली. "तुजो क गट मी पिऊन टाकलंय. आता बोल."

"काका, मस्करी नको."

"मेल्या, विन्याचो पाय बघलंस कधी? पायाक डोळे आसत तेच्या. बूट घातलो म्हणजे डोळ्यांर फडको बांधलो. मगे साखरदाणी काय नि बशी काय!"

"बूट नाही तर अ गट नाही. संपलं."

"दत्ता, तू सांग रे. तुका काय वाटता?"

मला काय वाटते ते सांगण्यासारखे नव्हते. मी वडा खात होतो, आणि काकूंचा निरोप देवापर्यंत पोचवावा की नाही, या विचारात होतो. "चमचा पडेल," एवढेच मी म्हणालो.

कुर्ल्याहून अंधेरीच्या रस्त्याला लागले की शहर संपल्यासारखे वाटते. भाताची खाचरे, मधूनच एखादी वाडी, ताडाची झाडे. साकीनाक्याच्या पुढे रस्ता इतका उखडलेला आहे की तिथे दोघांचाही वाद थांबला. बोलले तर जीभ चावली जात होती. आणि तिथेच माझ्या मागच्या चाकातली हवा गेली.

खरे सांगायचे तर ती जागा काकूंनीच निवडल्यासारखी होती. सामन्याला अवधी थोडाच उरला होता. मी जरा सावकाश काम केले असते, ठिगळ जरा तिरपे लावले असते, तर बूट उशिरा पोचले असते. मग विनू अनवाणी खेळला असता, सेक्रेटरी परत गेले असते आणि कोणाला काही कळले नसते. मी पाण्याच्या डबक्यात ट्यूब धरली, भोक शोधले, घासले, सोल्यूशन लावले, फुंकर घातली. सावकाश करायचे मनात होते. पण मला वाईट पंक्चर काढता येत नाही. जसे मुद्दाम ऱ्हस्व-दीर्घ चुकवता येत नाही, तसेच ते. ठिगळ पहिल्याच खेपेला बसले.

"झकास!" प्रभाकर म्हणाला. "वाटलं होतं, वाट लागली."

मरोळच्या विहिरीवर दशम्या खाल्ल्या. प्रभाकरने चार खाल्ल्या आणि म्हणाला, "काकूंचा आशीर्वाद आहे, आज विन्या पसंत होणारच." मी पाणी प्यायलो.

अंधेरीचे मैदान स्टेशनपासून दूर नाही, कोणीही दाखवेल. एका बाजूला गोठे आहेत, तिकडे उभे राहू नये. मैदानाला उतार आहे आणि उताराच्या टोकाला पाणी साचते. आम्ही पोचलो तेव्हा संघ कपडे बदलत होता. विनूने बूट हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. "चकाकतायत रे! तूप लावलंस की काय?"

"मेणपॉलिश. आणि नाडीची दुहेरी गाठ मार."

"मारतो, मास्तर."

सेक्रेटरी मध्यरेषेजवळ छत्री घेऊन उभे होते. अंगाने जाडसर, पांढरी पँट घोट्यापर्यंत दुमडलेली. ते कोणाशी बोलत नव्हते. त्यामुळे सगळे त्यांच्याकडेच पाहत होते.

पहिल्या अर्ध्यात विनू खेळला. याहून जास्त काही त्यासंबंधी लिहिता येणार नाही. बॉल त्याच्याकडे येत होता, तो नीट अडवत होता, नीट दुसऱ्याला देत होता. चुकत नव्हता. एरवी बॉल त्याच्या पायाला येतो तेव्हा जे होते, ते होत नव्हते. अंधेरीने उतारावरून एक गोल केला. शेजारच्या टोळक्यातला एक जण आमच्याकडे वळला.

"हाच का तुमचा अ गटवाला?"

"ब," प्रभाकर म्हणाला.

"बूट काढ रे विन्या!" भिवाकाका ओरडले. "बूट काढ मेल्या!"

माझी पंचाईत वेगळी होती. काकूंचे मागणे मी न मागताच पुरे होत होते, तेव्हा मला बरे वाटायला हवे होते. पण विनूकडे बॉल गेला की सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडत होतो. माझा आवाज एवढा आहे हे मलाही माहीत नव्हते.

मध्यंतरात मी मोसंब्याच्या फोडी घेऊन आत गेलो. विनू गवतावर बसून नाड्या सोडत होता.

"लागतायत का?" मी विचारले.

"टाचेला फोड आलाय. हे धर."

"माझ्याकडे कापूस आहे. नवी नाडी आहे."

"दत्ता, धर."

सेक्रेटरी तीन पावलांवर होते. ते पुढे आले. "मिस्टर, आमच्याकडे बुटांशिवाय घेत नाहीत."

"माहीत आहे," विनू म्हणाला. तो घोट्याला पट्टी गुंडाळत होता.

दुसऱ्या अर्ध्याचे वर्णन मी पुष्कळदा करून पाहिले आणि खोडले. चिखल सगळ्यांना सारखाच होता. अंधेरीची मुले त्यात घसरत होती आणि विनू त्यावर उभा राहत होता, एवढा फरक. एकदा तो तिघांच्या मधून निघाला तेव्हा तिघेही एकमेकांकडे पाहत राहिले, बॉल तुझ्याकडे होता ना, अशा चेहऱ्याने. तो गोल झाला. दुसरा त्याने स्वतः केला नाही. गोलकीपर त्याच्यावर धावून आला, तेव्हा त्याने अंगठ्याने बॉल नुसता बाजूला ढकलला, मोकळ्या उभ्या असलेल्या पोरासाठी. बुटातून तो अंगठा लागला नसता. आम्ही जिंकलो. भिवाकाकांनी प्रभाकरची टोपी हवेत उडवली, ती गोठ्याकडे पडली.

प्रभाकर धावत सेक्रेटरींकडे गेला. मीही मागे गेलो, हातात बूट. "काय वाटलं साहेब? कुठल्या गटाचा?"

सेक्रेटरी छत्री मिटत होते. "अनवाणी म्हणाल, तर मुलगा अ गटाच्या वर आहे," ते म्हणाले. "पण अ गटाच्या वर आमच्याकडे गट नाही." त्यांनी पँटची दुमड सोडली आणि स्टेशनकडे निघाले.

परतीला विनू माझ्या कॅरिअरवर बसून आला. डबलसीटला मनाई आहे, म्हणून प्रत्येक नाक्याच्या अलीकडे मी त्याला उतरवत होतो आणि पलीकडे पुन्हा बसवत होतो. वाद चालूच होता. प्रभाकर म्हणत होता, साहेबांनी बुटांचा मुद्दा मान्य केला. काका म्हणत होते, साहेबांनी पायांचो मुद्दो मान्य केल्यान. विक्रोळीच्या खडीवर विनू अनवाणी चालला.

दारात काकू उभ्या होत्या. "काय झालं?"

"जिंकलो," विनू म्हणाला.

"आणि तो गिरणीवाला?"

"गेला."

काकूंनी मला आत बोलावून वाटीभर शिरा दिला आणि हळूच म्हणाल्या, "ऐकलं हो देवानं तुझं." मी देवाला काहीच सांगितले नव्हते. पण शिरा गरम होता, आणि खुलासा लांबला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनू नळावर पाय धूत होता. माझी नजर आपोआप टाचांवर गेली. दोन्ही टाचा साफ होत्या. साधी लाली नव्हती.

"फोड?" मी विचारले.

"बसला."

"एका रात्रीत?"

त्याने नळ बंद केला. "तू फार बारीक बघतोस रे दत्ता." मग चाळीच्या खिडकीकडे एकदा पाहून तो हळू आवाजात म्हणाला, "बूट घालून मी त्यांना पसंत पडेन इतपत खेळलो असतो, आणि आपण हरलो असतो. मला काल हरायचं नव्हतं. नोकरीचं बघू. आधी ते बूट पायाला कळू देत."

म्हणजे बूट काढले ते फोडामुळे नव्हे, आणि आईसाठीही नव्हे. पण दीड वर्षाचे कॉलेज मात्र त्यामुळे वाचले. हे मी काकूंना सांगितलेले नाही.

कोणाला अंधेरीला जायचे असेल त्यांनी साकीनाक्याजवळ जपून चालवावे आणि दशम्या मरोळपर्यंत राखून ठेवाव्यात. प्रवासातून मागे काय उरले म्हणाल, तर मुख्यतः वाद. प्रभाकर आता विनूला कप आणि साखरदाणीच्या मध्ये धरतो. सामन्यानंतर एवढी बढती त्याने दिली. काका टेबलाच्या वर हवेत बोट दाखवतात. हा वाद रोज संध्याकाळी चाळीच्या पायरीवर बसतो आणि चढत जातो, मग काकू खिडकीतून ओरडतात, "हळू बोला रे, त्याचा अभ्यास चाललाय!" आणि खिडकी लावून घेतात.

बूट प्रभाकरच्या मावसभावाने अजून मागितलेले नाहीत. ते माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेले आहेत. रविवारी भल्या सकाळी, काकू देवळात गेल्या की विनू येतो, ते पायात घालतो आणि मैदानाला फेऱ्या मारून येतो. मी चिखल पुसून, मेणपॉलिश लावून ते पुन्हा टांगतो. लागतात का, असे मी आता विचारत नाही. गेल्या रविवारी त्याने स्वतःहून माझ्याकडे थोडा कापूस मागितला. टाचेला फोड आला होता, खरा.