काळं झबलं, काळी मखमल

"मॅडम, बच्ची का पेट कां गया?" खालिदभाईंनी प्रिंट काउंटरवर ठेवून मला विचारलं.

खालिदभाई हैदराबादेत अफझलगंजजवळच्या एका कलर लॅबमध्ये मशीनवर बसायचे. माझे सगळे रोल त्यांच्याच हातून जायचे. त्यांना विनोद करायची सवय नव्हती, म्हणून मी चष्मा लावून प्रिंट बघितली. चांदण्यांनी भरलेलं निळं आकाश होतं. खाली चंद्राची कोर होती. कोरीवर दहा महिन्यांच्या मुलीचं हसरं तोंड होतं, दोन हात होते, दोन पाय होते. गळ्यातला हार, दंडावरचे बाजूबंद, कमरेचा पट्टा, सगळे हलव्याचे दागिने जागच्या जागी होते. बाकी मुलगी नव्हती. तिच्या पोटाच्या जागी चांदण्या होत्या आणि कोरीचं एक टोक त्यातून आरपार गेलं होतं.

"सर है, हातां हैं, पावां हैं," खालिदभाई म्हणाले. "बीच में सितारे हैं. अपनी मशीन में कुछ गडबड नै."

सातही फ्रेम तशाच होत्या. गडबड माझीच होती.

नव्वदच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. मी विद्यानगरला घरच्या हॉलमध्ये स्टुडिओ चालवत होते. आधी फक्त पासपोर्ट फोटो काढायचे. मग घरोघरी केबल आली, जाहिरातींतली गुबगुबीत बाळं दिवसभर दिसू लागली, आणि आयांना आपलंही बाळ ढगात नाहीतर कमळात बसलेलं हवंसं वाटू लागलं. मोठ्या स्टुडिओत त्याला फार पैसे पडत. माझ्याकडे दिवे हॅलोजनचे होते, त्यांना छत्र्या म्हणून जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या परातींचे अर्धगोल, आणि कॅमेरा सेकंडहँड. समुद्रातलं बाळ हवं असेल तर मी लेन्ससमोर शेजाऱ्यांची माशांची काचपेटी ठेवायचे. मासे कॅमेऱ्याजवळून पोहायचे, बाळ पलीकडे गादीवर बसायचं, फोटोत दोघं एकाच पाण्यात. यात माझी हुशारी थोडी आणि शेजाऱ्यांचा चांगुलपणा जास्त.

आकाशातल्या बाळासाठी डबल एक्स्पोजर करायचे. म्हणजे एकाच फिल्मवर दोन फोटो, एकावर एक. आधी बाळाला काळ्या मखमलीसमोर बसवून एक फोटो. मग फिल्म पुढे न सरकवता दुसरा, आकाशाचा. आकाश म्हणजे निळा पुठ्ठा, त्यात टाचणीनं पाडलेली चांदण्यांची भोकं, कापलेली चंद्राची कोर आणि मागे बल्ब. फिल्मला काळं दिसत नाही. काळं म्हणजे तिथे उजेड पडलाच नाही, जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत दुसरा फोटो येऊन बसतो. मखमल अदृश्य होते आणि तिथे आकाश येतं. बाळाच्या उजळ अंगावर आणि पिवळ्या-गुलाबी झबल्यावर आधीच भरपूर उजेड पडलेला असतो, त्यावर आकाशाचा परिणाम फारसा होत नाही.

हे मी शंभर वेळा केलं होतं. फक्त संक्रांतीला केलं नव्हतं.

बोरन्हाणाचं बाळ म्हणजे काळं झबलं आलंच. वर पांढरे हलव्याचे दागिने. मी लहान होते तेव्हा तशीच बसले होते, माझी मुलगी तशीच बसली होती. त्या दिवशी मी स्वतःही काळी चंद्रकळा नेसून कॅमेऱ्यामागे उभी होते. संक्रांतीचं काळं मला काळं म्हणून दिसलंच नाही. एखादा तेलुगू किंवा मुसलमान फोटोग्राफर असता तर त्यानं आधी विचारलं असतं, काळ्यावर काळं का? मी सणाचे कपडे बघितले आणि काळ्या मखमलीसमोर काळ्या झबल्यातलं बाळ नेऊन बसवलं. फिल्मनं दोन्ही काळी सारखीच वागवली.

साधी एकही फ्रेम काढली नव्हती. रोल वाचवायचा होता.

आता हा फोटो कुणासाठी होता ते सांगते, नाहीतर एका बिघडलेल्या रोलचं एवढं काय, असं वाटेल.

मुलगी स्नेहा. तिची आई पद्मजा आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायची. पद्मजा तेलुगू, नवरा रवी मराठी. रवीला त्याच्या आत्यानं वाढवलं होतं. सुशीलाआत्या, मलकपेठला राहायच्या, लग्न केलं नव्हतं, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. रवीनं ऑफिसातल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा त्या आल्या नाहीत. पुढे अडीच वर्षं त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नाही. नातीच्या बोरन्हाणाला मात्र त्यांनी निरोप पाठवला, दागिने मी करते. हैदराबादेत तेव्हा असे दागिने विकत मिळत नसत. त्यांनी महिनाभर पहाटे शेगडीसमोर बसून हलवा केला आणि स्वतः घेऊन आल्या. पद्मजानं ठरवलं की मुलीचा झकास फोटो काढून, फ्रेम करून आत्याला द्यायचा.

फोटोच्या दिवशी आत्या म्हणाल्या होत्या, "साधा काढा की. चंद्र-बिंद्र कशाला?"

पद्मजानं हट्ट केला होता. "आत्या, छान येईल. तुम्ही बघाच."

म्हणजे फोटो बिघडला तर दोष कुणाच्या माथी येणार, हे उघड होतं. शिवाय मूल असं अर्धं नाहीसं झालेलं फोटोत बघून कुठल्या घरात बरं वाटेल? आणि दागिने उरले नव्हते. त्याच संध्याकाळी बोरन्हाण झालं, बोरं-चुरमुऱ्यांची लूट झाली आणि रीतीप्रमाणे दागिनेही गल्लीतल्या पोरांना वाटले गेले.

लॅबमधून घरी आले तो पद्मजाचा फोन. फोटो झाले का?

"लॅबमध्ये गर्दी आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशीन बंद आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी खालिदभाईंना ताप आणला. चौथ्या दिवशी पद्मजा स्वतःच आली. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. म्हणाली, "आँटी, आत्या रोज विचारतात. मला झोप नाही. काय झालं ते तरी सांगा."

मी पाकीट पुढे केलं. मला फार लाज वाटली. चार दिवस मी ज्या चुकीवर पांघरूण घालत होते तिचा भार ही मुलगी वाहत होती.

तिनं फोटो बघितला आणि खुर्चीवर बसली.

"हे आत्याला नका दाखवू अंडी," ती म्हणाली. मराठी बोलतानाही घाबरली की तिच्या तोंडी तेलुगूतलं आदराचं 'अंडी' यायचं. "रोल जळला म्हणा. लॅबवाल्यानं जाळला म्हणा."

खरं सांगते, मला ते पटलं होतं. खालिदभाईंना कुणी विचारायला जाणार नव्हतं. आम्ही दोघी काय बोलायचं ते ठरवत होतो तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. सुशीलाआत्या गल्लीतच कुणाकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. हातात वाण, नाकावर घाम.

"झाले का फोटो?" त्या दारातूनच म्हणाल्या.

पद्मजा माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं तेव्हा जळलेला रोलच माझ्या जिभेवर होता. पण समोर ही बाई हातभर फोड घेऊन उभी होती. पाकाचे चटके बसून त्यांच्या बोटांची टोकं लाल झालेली मला तिथून दिसत होती.

"झाले, आणि बिघडले," मी म्हणाले. "चूक माझी आहे. पद्मजाची नाही."

त्यांनी फोटो घेतला, पर्समधून वाचायचा चष्मा काढला, खिडकीशी गेल्या. फोटो उजेडात धरला.

"पोटातून चंद्र गेलाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"का गेला? नीट समजावून सांगा. मी विज्ञान शिकवलंय."

मी सांगितलं. मखमल, रिकामी जागा, उजेडावर उजेड. मला वाटतं माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत डबल एक्स्पोजर इतक्या पटकन कुणाला कळलं नसेल. मी अर्ध्यावर होते तेव्हाच त्या म्हणाल्या, "म्हणजे झबलं आणि पडदा फिल्मला एकच."

"बरोबर."

"कळलं." त्यांनी फोटो पालथा घालून टेबलावर ठेवला. "पण हा घरात लावायचा नाही. कळणं वेगळं आणि भिंतीवर रोज बघणं वेगळं."

"लावू नका. मी दुसरा काढून देते. पण दागिने..."

"दागिने वाटले." त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. "रथसप्तमीला नऊ दिवस आहेत. तोवर चालतं. पण माझी बोटं आता पाकात जायची नाहीत."

त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग आत्या पद्मजाकडे वळल्या.

"उद्या सकाळी सहाला मलकपेठला ये. येताना नखं काप."

पद्मजाला आधी कळलंच नाही की हे तिलाच म्हणताहेत. मग ती "हो आत्या, हो" असं चार वेळा म्हणाली.

हलवा करणं हे शिकवून येणारं काम नाही, बसून येणारं काम आहे. मंद शेगडीवर परात ठेवायची, त्यात खसखस नाहीतर तीळ, वरून चमचा-चमचा साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलकं फिरवत राहायचं. दाण्यावर साखर चढत जाते आणि थंडी असली तर तिला काटा येतो. काटेरी दाणा म्हणजे उत्तम हलवा. घाई केली की गोळा होतो, आच वाढली की पिवळा पडतो.

मी एकदा सकाळी बघायला गेले. पद्मजा परातीसमोर, मागे वेताच्या मोड्यावर आत्या, मांडीवर स्नेहा.

"चमचा भरून नक्को गं ओतू. साखरेची आंघोळ घालायची नाहीये."

"पोळतंय, आत्या."

"पोळणारच. बोट थांबवू नको, थांबलं की जास्त पोळतं."

याहून गोड असं मी तिथे काही ऐकलं नाही. पण पद्मजा रोज पहिल्या बसनं जात होती आणि रोज जेवून परत येत होती.

इकडे माझं काम वेगळंच होतं. या वेळी फिल्मवर दुसरा फोटो नाही, जे काय आकाश ते खरंच बाळामागे उभं करायचं. घरातली एक डबल चादर नीळ घालून तीनदा बुडवली. पहिल्यांदा ती शाळेच्या गणवेशासारखी आली, तिसऱ्यांदा आकाशासारखी. तिला सुईनं भोकं पाडली आणि मागे दोन बल्ब लावले. चंद्राची कोर थर्मोकोलची, वर सिगारेटच्या पाकिटातली चांदी. काळं झबलं निळ्या चादरीपुढे वेगळं दिसायला हवं, म्हणून बाळाच्या मागे खाली एक दिवा लपवला. त्यानं खांद्याची आणि झबल्याची कड उजळते, एक बारीक रेघ निघते. धंद्यात त्याला रिम लाइट म्हणतात. एवढी अक्कल आधी वापरली असती तर चादर वाचली असती.

फोटोच्या दिवशी नवीनच अडचण आली. दहा-बारा दिवसांपूर्वी स्नेहाला गळ्यात काय घातलंय ते माहीत नव्हतं. आता पहाटे-पहाटे हलव्याच्या परातीशेजारी बसून तिला ते पक्कं माहीत झालं होतं. हार घातल्याबरोबर तिनं तो तोंडात घातला.

"नक्को, स्नेहा, नक्को," आत्या म्हणाल्या.

"वद्दु अम्मा, वद्दु," पद्मजा म्हणाली.

तिसऱ्या फ्रेमला हाराचा एक पदर संपला होता. पाचव्याला बाजूबंद ओला होता. मी नऊ फ्रेम काढल्या, त्यातल्या आठव्या फ्रेमला तोंड रिकामं होतं आणि नजर कॅमेऱ्याकडे. मुलगी अख्खी होती. पोट तर चांगलंच दिसत होतं.

खालिदभाईंनी प्रिंट देताना काही विचारलं नाही. त्यावरूनच मला कळलं की फोटो चांगला आलाय.

रथसप्तमीला आत्यांनी मलकपेठच्या घरी हळदीकुंकू केलं आणि मलाही बोलावलं. फ्रेम मधल्या टेबलावर ठेवली होती. आलेल्या बायकांपैकी एकीनं वाकून दागिने निरखले आणि म्हणाली, "सुशीलाबाई, या वयात एवढं केलंत? कमाल आहे."

"मी नाही," आत्या म्हणाल्या. अत्तरदाणी घेऊन उभ्या असलेल्या पद्मजाकडे त्यांनी बोट केलं. "हिनं केलंय. काटा जरा कमी आलाय. पुढच्या वर्षी येईल."

पद्मजा अत्तर लावायचं विसरून तशीच उभी राहिली. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. अत्तर मीच लावलं सगळ्यांना.

त्या घरचे लोक अजून म्हणतात की तुमच्यामुळे सगळं जुळलं. मी ते श्रेय घेत नाही. माझ्यामुळे एक रोल वाया गेला, एक चादर गेली आणि एका मुलीची चार रात्री झोप उडाली. जुळवलं त्यांचं त्यांनी, हात पोळून घेऊन. मी धडा घेतला तो एवढाच: फोटोची तारीख ठरवताना कपड्यांचा रंग विचारायचा, एक साधी फ्रेम आधी काढून ठेवायची, आणि काम बिघडलं तर गिऱ्हाइकाला त्याच दिवशी फोन करायचा. लॅबवाल्याला ताप आणून काही बरं होत नाही.