भिकनला खरं सांगितलं ते मी

टण्ण!

लोणखेड्याच्या आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा. त्यावर हातोडी मारायचा मान माझ्या वर्गातल्या भिकनचा. वर्गात कविता चालू असली की मी तंद्रीत, आणि हा घंटेपाशी, कधी एकदा तास संपवतो म्हणून टपलेला.

तो भिकन गेला. आज त्याचं दहावं.

सगळे तापीकाठच्या प्रकाशा गावी गेलेत, विधीला. मी घरी आहे. मला येऊ नका असं सांगितलंय.

कारण नंदुरबारच्या हॉस्पिटलात त्याला खरं सांगितलं ते मी.

लिव्हरचा कॅन्सर, शेवटची स्टेज. डॉक्टरांनी त्याच्या मुलाला, प्रवीणला, बाहेर बोलावून सांगितलं. प्रवीणने सगळ्यांना बजावलं, "बाबांसमोर फक्त कावीळ म्हणायचं."

मग काय, जो येई तो म्हणे, "दिवाळीले बरा व्हई जाशात, आप्पा!"
आणि व्हरांड्यात जाऊन डोळे पुसे.

एका दुपारी आम्ही दोघंच होतो. त्याने माझं मनगट धरलं.

"सम्दा खोटं बोली ऱ्हायनात. तू सांग. आनि तुन्ही कविता मायक गोल गोल नको बोलू."

कवितेसारखं नको म्हणे. कवितेत मरणासाठी किती मऊ शब्द असतात! सांजवेळ. परतीची वाट. जन्मभर जपले मी ते. त्या वेळी एकही कामाला आला नाही.

"भिकन, कॅन्सर शे. बरा व्हवाव नही."

त्याने उशाजवळची गोळ्यांची पट्टी उचलली. मग म्हणाला,
"मंग ह्या कडू गोया कसाले चारी ऱ्हायनात?"

आणि हसला. खरंच हसला.

"माले घर लई चाल. मन्ही खाटवर मरसू."

संध्याकाळी तेच, मला घरी घेऊन चला म्हणून, त्याने प्रवीणला सांगितलं. प्रवीण माझ्यावर धावूनच आला. "काका, बाबांची उमेद मारली तुम्ही! परत आमच्या दारात येऊ नका."

दुसऱ्या दिवशी भिकनला सुरतला हलवलं.

व्हेंटिलेटर. तोंडात नळी. त्यानंतर एक शब्द नाही.

घरी आला तो ॲम्ब्युलन्समधून, झाकलेला.

जा भिकन. तुझी खाट तुला मिळाली नाही रे. हे मला आता मरेपर्यंत सलणार.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं.

दारात प्रवीण. डोकं भादरलेलं, अंगावरचा पंचा अजून ओला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काका, नळी टाकल्यावर बाबा नुसते माझ्याकडे बघायचे. त्याआधी मीच त्यांना बोलू दिलं नाही. तुमच्याशी काय काय बोलले, ते सांगाल मला?"

थांबतो. त्याला आत घेतो.