पेजेची खळ आणि चाचांची आरोळी

आमच्या घरमालक चाचांनी उभ्या आयुष्यात जेवढी माणसं लोळवली, तेवढी आमच्या सोनई गावच्या मतदारयादीतही नसतील; आणि त्यातला एकही जण मार खायला कधी जागेवर हजर नव्हता. चाचा शिंपी. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नाही. पण तो झाला पोटाचा उद्योग. खरा उद्योग कराटे. तरुणपणी एसटीनं नगरला जाऊन-येऊन एका गुरूंकडे शिकले. पुढे गुरू गेले, बरोबरीचे सगळे पोटं सुटून संसाराला लागले, तरी चाचांचं चालूच. कराट्यात ‘काता’ म्हणून एक प्रकार असतो. समोर कुणीच नसतं, पण चारी बाजूंनी शत्रू चालून आलेत असं समजून ठरलेल्या क्रमानं अडवायचं, वळायचं, ठोसा मारायचा, लाथ मारायची आणि जिथून सुरुवात केली तिथंच परत येऊन उभं राहायचं. रोज पहाटेची नमाज पढून आले की चाचा पांढरा ड्रेस चढवून अंगणातल्या कडुनिंबाखाली हे न दिसणारे शत्रू आडवे करत. शत्रूही असे निगरगट्ट की इतका मार खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर हजर.

मी गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली, मग लग्न झालं, आणि नवऱ्याला इकडे उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं काम लागलं म्हणून भाताच्या मुलखातून उठून बाजरीच्या मुलखात आले. ओळखीचं माणूस एक नाही. त्यात मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी होणार हे माहीत असून दचकणारी. चाचांच्या मागच्या खोलीत आमचा पहिला मुक्काम, नवरा पहाटेच्या पाळीला गेलेला, आणि बाहेर अचानक अशी काही आरोळी झाली की मला वाटलं, कुणाचा तरी मुडदा पडला. मी दाराला आतून कडी लावली, कडीवर भरवसा वाटेना म्हणून पिठाचा डबा सरकवला आणि डब्यावर स्वतः बसले. तेवढ्यात दुसरी आरोळी! मग बऱ्याच वेळानं दारावर टकटक. चाची चहाचा कप घेऊन उभ्या. “खोल बेटी. कुणी मेलं न्हाई. आमच्यात रोज असंच असतं. म्हातारा मारतो लई, मरत कुणीच न्हाई.”

नंतर कळलं, त्या काताच्या मध्यावर एक आणि शेवटच्या ठोशाला एक, अशा दोन आरोळ्या पोटातून द्यायच्याच असतात. आणि हेही कळलं की सगळी गल्ली त्या दोन आरोळ्यांवर चालते. पहिलीला चहा ठेवायचा, दुसरीला गाळायचा. दुसऱ्या आरोळीशिवाय दूधवाला मोटारसायकलला किक मारत नसे. नवऱ्याची पहाटेची पाळी दोन दिवसांत संपली आणि तोही त्याच आरोळीवर उठू लागला. समोरच्या घरी तर पोराला अंघोळीला ढकलताना त्याची आई म्हणे, “चाचा दुसऱ्यांदा वरडायच्या आत पाणी घेतलं न्हाईस तर बघ!” घड्याळं सगळ्यांकडे होती, मोबाईल होते, पण घड्याळाला कुणी घाबरत नाही.

चाचांचं कराटे अंगणात संपत नसे. ते दुकानात मापं घेत ती जपानी आकड्यांत. “इची, नी, सान” करत टेप सरकत जायची आणि पोराचा बाप कळवळून म्हणायचा, “चाचा, आकडा मराठीत सांगा, न्हाई तर माझ्या पोराची पँट जपानला पोचंल.” मशीनवर बसण्याआधी मशीनला वाकून नमस्कार. गॅसची टाकी आणणाऱ्याला वाकून नमस्कार. एकदा गल्लीतलं एक कुत्रं त्यांच्यावर भुंकलं, तर चाचांनी पिशवी खाली ठेवली आणि रीतसर पवित्रा घेतला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी कुत्रं कंटाळून बसलं, तेव्हा चाचांनी त्यालाही वाकून नमस्कार केला आणि पिशवी उचलून घरी आले. एसटीत जागा मिळाली तरी बसायचे नाहीत. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखे मधोमध उभे. दांडीला हात लावायचा नाही. कंडक्टर म्हणाला, “चाचा, धरा कायतरी.” चाचा म्हणाले, “धरलीय की. जमीन धरलीय.” कंडक्टर म्हणाला, “जमीन खाली ऱ्हायली. ही एसटी हाय.” तेवढ्यात ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, कंडक्टर तिकिटांसकट पुढच्या सीटवर गेला आणि चाचा जागच्या जागी. चाची हे सांगताना कपाळावर हात मारतात, पण सांगतात मात्र दर आठवड्याला.

इतकं असून खऱ्याखुऱ्या माणसावर त्यांनी कधी हात उगारला नाही. आठवडी बाजारात एका पिऊन आलेल्या गड्यानं त्यांची कॉलर धरली होती, तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन शेजारीच उभी होते. लोक गोळा झाले. आता चाचांचं कराटे बघायला मिळणार म्हणून एकानं तर पोराला खांद्यावर घेतलं. चाचा शांतपणे म्हणाले, “कॉलर सोड बाबा, शिवन उसवतीय. आन् तुझं बटन तुटलंय वरचं.” गड्यानं खाली बघितलं. खरंच तुटलं होतं. चाचांच्या खिशात सुईदोरा कायमचा. तिथंच बाजारात त्यांनी त्याला बटण लावून दिलं. गडी रडायला लागला. खांद्यावरचं पोरगं म्हणालं, “पप्पा, मारत का न्हाईत?” बाप म्हणाला, “गप. चल भजी खाऊ.”

आमचं गणित जुळलं ते भातावरून. कराट्याच्या ड्रेसच्या बाहीचा ठोसा मारताना ‘फट्ट’ असा आवाज आला पाहिजे, अशी चाचांची श्रद्धा. बाही बोलली तर ठोसा बरोबर, मुकी राहिली तर चूक. बाही बोलायला कापड कडक लागतं, कडक व्हायला खळ लागते, आणि बाजारच्या खळीवर त्यांचा विश्वास नव्हता. इथं लोक रोज भाकरी खातात, भात केलाच तर कुकरमध्ये; पेज निघणार कुठून? मी मात्र पातेल्यात भात शिजवून पेज गाळणारी. एक दिवस मी मोरीत पेज ओततेय आणि चाचा दारात उभे. चेहरा असा, की मी सोनंच ओततेय. “बेटी,” ते म्हणाले, “हे रोज फेकती तू?” त्या दिवसापासून माझी पेज चाचांच्या ड्रेसला. पहिल्यांदा माझ्या पेजेची खळ दिलेली बाही अंगणात वाजली तेव्हा चाचांनी काता मध्येच थांबवला, जो ते भूकंपातही थांबवणार नाहीत, आणि खिडकीकडे वळून म्हणाले, “ऐकलं का? गोंदिया बोललं!” या परक्या गावात माझ्या गावाचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं ते तेव्हा पहिल्यांदा. मी आत जाऊन उगीचच भांडी पुन्हा घासली.

मला त्यांनी कराटे शिकवलं नाही, मी शिकलेही नसते. उभं राहायला तेवढं शिकवलं. मी रेशनच्या रांगेत, बँकेत, कुठंही गेले की माझे खांदे कानांना जाऊन चिकटायचे. चाचा म्हणायचे, “खांदे खाली घे. पावसात उभी हाय का तू? आन् श्वास सोड. धरून ठिवायला तो काय पाव्हना हाय? गेला तर दुसरा येतो.” आजही बँकेच्या काउंटरवर मी हेच मनात म्हणते आणि सही बऱ्यापैकी सरळ येते.

मग मागच्या वर्षी चाचांच्या घशाचं ऑपरेशन झालं. नगरहून परत आले ते धडधाकट, पण आवाज उरला नुसता वाऱ्यासारखा. डॉक्टरांनी ओरडायला कायमची बंदी केली. हातपाय चालवायला हरकत नव्हती. उलट चालवा म्हणाले. पण चाचांनी ड्रेस घातलाच नाही. का, ते मला त्यांनी कापड शिवता शिवता कुजबुजत सांगितलं. दोऱ्याला शेवटी गाठ मारली नाही तर कितीही चांगली शिवण ओढली की सुटते. आरोळी म्हणजे ती गाठ. “गाठ न मारता मी आजवर कुनाचं कापड दिलं न्हाई, बेटी.”

आम्हाला वाटलं, आठवड्यात येतील ताळ्यावर. महिना गेला. गल्लीत चहा उतू जायला लागला, नाही तर राहूनच जायला लागला. दूधवाला किक मारू की नको अशा विचारात बसून राही. एका शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये चाचांच्या आरोळीचं रेकॉर्डिंग निघालं. त्यानं प्रेमानं ते पहाटे गच्चीवरून लावलं. चाचा दारात आले, ऐकलं आणि हातानंच बंद कर म्हणाले. आत जाताना भिंतीला धरून गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं, की चाचा म्हातारे आहेत. एसटीत दांडी न धरणारा माणूस आपल्याच अंगणात भिंत धरत होता. चाची मला म्हणाल्या, “चाळीस साल मी म्हनत हुते, बस करा. आता केलं, तर मला झोप न्हाई.” वाळत घालायच्या तारेवर तो ड्रेस तसाच, मऊ पडलेला, लोंबत होता.

मी तो काढून आणला, धुतला, दाट पेजेची खळ दिली, वाळवला आणि चाचांपुढे नेऊन ठेवला. बाह्या टेबलावर पापडासारख्या उभ्या राहिल्या. म्हणाले, “काय करू याला? वरडनार कोन?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “तुम्ही मारा चाचा. ओरडते मी.”

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “वरड.” मी ओरडले. चाची आतून म्हणाल्या, “मांजर आलं बघा दुधावर.” चाचांचे खांदे हलायला लागले, ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसत होते, पण आवाज नसल्यामुळे आधी आम्ही घाबरलोच. मग त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारून दाखवली. गळ्यातून नाही, इथून. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. शाळा सुटली तेव्हा गप्प होते, गोंदियाच्या स्टेशनवर आई रुमाल तोंडाला लावून उभी होती तेव्हाही गप्पच. तीन दिवस मी, नवरा कामावर गेल्यावर, उशीत तोंड खुपसून पोटातून ओरडायला शिकले. नवऱ्याला सांगितलं नाही. तो म्हणाला, “तुला बरं नाही का? घसा बसलाय.”

चौथ्या पहाटे चाचा ड्रेस घालून कडुनिंबाखाली उभे राहिले. मी उंबऱ्यात. चाचा अडवत, वळत मध्यावर आले, ठोसा गेला, बाही वाजली आणि मी... विसरले. नुसती बघत राहिले. चाचांनी हात तसाच हवेत लांब धरून ठेवला, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. थांबले. मी खांदे खाली घेतले, श्वास सोडला, आणि मग जो काही आवाज निघाला त्यानं कडुनिंबावरचे कावळे उडाले. खोलीतून नवरा उघडाच धावत बाहेर आला, हातात चप्पल. समोरच्या घरात दिवा लागला. शेवटच्या ठोशाला मी वेळेवर ओरडले. गल्लीच्या टोकाला किक बसली आणि दूधवाल्याचा आवाज आला, “चाचा, आवाज बारीक झाला तुमचा! पन टायमाला हाय!”

तेव्हापासून ते माझं रोजचं काम. आईचा फोन येतो, ती विचारते, “काहून गं, आवाज बसला तुझा? रडलीस का?” मी म्हणते, “नाही गं आई, सकाळी काम असते.” काय काम, हे तिला अजून समजावता आलेलं नाही.

अलीकडे चाचांची लाथ गुडघ्याच्या वर जात नाही. वळताना ते क्षणभर झाडाकडे बघतात, हात लावत मात्र नाहीत. शेवटचा ठोसा निघतो आणि पोचायला वेळ घेतो; त्या दिवशी ते माझ्यासाठी थांबले होते, आता आरोळी तयार ठेवून मी थांबते. गल्ली थोडी उशिरा उठते, पण कुणी तक्रार करत नाही. बाही अजून वाजते. मग ते सुरुवातीच्या जागेवर परत येतात, झाडाकडे वाकतात, आणि हल्ली वळून माझ्या उंबऱ्याकडेही वाकतात. मीही वाकते. हातात पेजेचं भांडं असतं, म्हणून जरा जपून.