आबाचा डिफेन्स, जुईचे फाउल

खोटं सांगत नाही, कोरीटपासून शहाद्यापर्यंत बास्केटबॉल कळणारा माणूस एकच, आणि तो मी! आता दुसरं कोणी त्या खेळाच्या वाटेलाच जात नाही, ही गोष्ट वेगळी.

हसताय? हसा. पण आधी मी काय दिवे लावले ते ऐका, मग पोटभर हसा.

माझी नात जुई. राहते अमेरिकेत. आठवड्यातून एकदा तिचा फोन यायचा.

"आबा, जेवनात का?"

"जेवनू बेटा."

"बरं. ठेवते मग."

झाला फोन! आता मला सांगा, बायको जाऊन तीन वर्षं झालेला माणूस दोन वाक्यांवर आठवडा कसा काढणार? मी सगळ्या गावाची खोड काढणारा. पण ज्यांच्या चपला लपवायचो, त्यातले निम्मे वर गेले. त्यांच्या चपला आता कोणी मागायलाच येत नाही.

एकदा फोन ठेवता ठेवता जुई म्हणाली, "घाई आहे आबा, बास्केटबॉलची मॅच लागतेय."

मी लगेच उडी मारली. "अगं, मी खेळलोय बास्केटबॉल! पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या मैदानावर. माझ्या डिफेन्समधून मुंगी पण जात नव्हती."

हे मात्र खरं होतं. कारखान्यात माझं काम उसाच्या बैलगाड्या रांगेत लावायचं. मधे घुसणाऱ्या गाडीवानाला कसं अडवायचं? त्याच्या कमरेला हात लावायचा, छाती पुढे काढायची आणि हलायचं नाही. संध्याकाळी मैदानावर तेच करायचो. शिट्टी वाजवणारा पंच आमचाच वजनकाट्यावरचा माणूस. तो कशाला वाजवतोय?

जुई एकदम खूश. "मग आपण सोबत बघू या का, आबा? आई शनिवारी संध्याकाळी दवाखान्यात ड्यूटीला असते. बाबा लॅपटॉपमधून बाहेर येत नाहीत. मॅच अमेरिकेत शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तुमच्याकडे रविवारची सकाळ. मी फोन चालूच ठेवते."

फोन चालूच ठेवते! दोन तास! मी तर मंगळावरची मॅच बघायला तयार होतो.

रविवारी उजाडायच्या आत अंघोळ, चहा, टीव्हीसमोर हजर. टीव्ही पोरानं पाठवलेला, भिंतभर. त्याच्या रिमोटमध्ये बोललं की तो शोधून देतो. इंग्रजी मला वाचता येत नाही, आकडे तेवढे येतात. जुईनं सांगितलेली दोन्ही टीमची नावं मी रिमोटच्या कानात ओरडलो. टीव्हीनं मॅच लावली. लाल कपडेवाले, पांढरे कपडेवाले. झालं की काम!

"लागली का, आबा?"

"लागली, लागली!"

थोड्या वेळानं जुई किंचाळली, "काय टाकला! किती लांबून! तीन पॉइंट!"

माझ्या टीव्हीत एक धिप्पाड गडी पाठ करून, ढुंगणानं दुसऱ्याला ढकलत ढकलत बास्केटकडे सरकत होता. बाकीचे उभे राहून त्याची मजा बघत होते. लांबून टाकायचं कोणाच्या मनातही नव्हतं.

आता 'मला दिसलं नाही' म्हणालो तर? पोरगी म्हणेल, आबा, तुमचं काही खरं नाही, ठेवते. म्हणून मी पण किंचाळलो, "वा! काय टाकला!"

"पन्नास झाले आपले!"

माझ्याकडे एकवीस. मी म्हटलं, "माझ्याकडे थोडे कमी दाखवतोय."

"नेट स्लो असेल, आबा."

बघा, देवानंच वाट दाखवली! त्या दिवसापासून सगळ्या गोष्टींना एकच औषध. आकडे जुळत नाहीत? नेट स्लो. तिच्याकडे धावपळ, माझ्याकडे वरात चाललेली? नेट स्लो! एवढं स्लो नेट जगात कोणाचं नसेल, पण मला काय, फोन चालू होता ना.

एक गोष्ट मात्र खटकायची. चित्र धुरकट दिसायचं. मी म्हटलं, मोतीबिंदू आला. नंदुरबारला जाऊन डोळे दाखवून आलो. डॉक्टर म्हणाला, "बाबा, डोळे उत्तम आहेत." मी मनात म्हटलं, ह्याला काही कळत नाही.

शेजारचा भटू एका रविवारी माझा आरडाओरडा ऐकून कुंपणावरून डोकावला. "काय रे, सकायमा कोना संगे वरडी ऱ्हायना?"

"नाती संगे मॅच दखी ऱ्हायनू."

"तुन्ही नात अमेरिकामा. तू आठे. मंग मॅच कोठे शे?"

"तुले नही समजाव, जाय, म्हशी सोड!"

त्याला हाकललं. पण खरं सांगू? आठवडाभर मी रविवारचीच वाट बघायचो. सोमवारी दाढी केली तर वाटायचं, ही वाया गेली. फोनवर दाढी दिसत नाही, हे पण माहीत होतं. तरी रविवारी घोटून करायचो.

आणि मॅच मला आवडायला लागली हो! माझ्या टीव्हीतले खेळाडू अगदी माझ्यासारखे. एक हात समोरच्याच्या कमरेवर, कोपर बरगडीत, आणि लोक टाळ्या वाजवतायत. मी ओरडायचो, "धर! कमरेला धर! सोडू नको!" तिकडे जुई खदखदून हसायची. एकदा तिनं शाळेतल्या मैत्रिणींना पण माझा आवाज ऐकवला. 'माझे आजोबा, डिफेन्सचे एक्सपर्ट' म्हणून! मी छाती फुगवली. भटूला पण दाखवली असती, पण त्याला हाकलून बसलो होतो.

मग एका रविवारी जुई हळूच म्हणाली, "आबा, मंगळवारी आमच्या शाळेची मोठी मॅच आहे. समोरच्या टीमची एक मुलगी खूप जोरात पळते. मला तिला अडवायचंय. कोच पहिल्यांदाच मला सुरुवातीपासून खेळवतोय. काय करू?"

आता सांगा, एक्सपर्टला विचारलं तर एक्सपर्ट गप्प बसेल?

"सोपं आहे," मी म्हटलं. "एक हात तिच्या कमरेवर. कोपर आत. ती जिकडे जाईल तिकडे हात तसाच. सोडायचं नाही."

"चालतं का असं?"

"अगं, तुझ्या त्या मोठ्या पैसेवाल्या टीम रोज करतात! मी दर रविवारी बघतो ना!"

बुधवारी फोन आला. रविवार नसताना! मी धावत जाऊन उचलला. पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज.

"पाच फाउल, आबा. पहिल्या काही मिनिटांतच. मला बाहेर काढलं. सगळे हसले. कोचनं विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?"

"त्या पंचाला काही कळत नाही! टीव्हीत तर..."

"कुठल्या टीव्हीत? दाखवा मला. व्हिडिओ चालू करा."

मी रविवारची मॅच परत लावली आणि फोन टीव्हीकडे धरला.

"आबा."

"हं."

"ही मॅच बाबांच्या लग्नाच्या आधीची आहे. तो ढकलणारा धिप्पाड खेळाडू आता म्हातारा झालाय. तो खेळत नाही, कोट घालून टीव्हीवर मॅचबद्दल बोलतो."

म्हणजे टीव्हीनं नुसती नावं ऐकून जुन्याच मॅच लावल्या होत्या, आणि तो डोळ्यांचा डॉक्टर खरं बोलत होता!

मग पोरीनं मला शिकवलं. तेव्हा म्हणे हात ठेवला तरी चालायचं, म्हणून सगळा खेळ मुंगीच्या पावलानं. चार चार माणसं बास्केटखाली गर्दी करून उभी. पुढे नियम बदलला. हात लावला की शिट्टी. मग काय, पळणारे सुटले! आता बॉल मिळाला की धाव, संधी दिसली की लांबूनच टाक. डिफेन्सवाल्यानं हातानं नाही, पायानं अडवायचं. आपल्याला चकवून कोणी सुटला तर त्याला आपल्या जोडीदारानं अडवायचं, आणि जोडीदाराच्या माणसाला आपण.

"म्हणजे बैलगाड्यांची रांग गेली, हायवे झाला," मी म्हटलं.

ती हसली नाही.

आता सगळं बुडणार, हे मला कळलं. रविवार गेला, फोन गेला, परत आपलं 'जेवनात का' वर आलं. म्हणून मी शेवटचा डाव टाकला. आयुष्यभर खोड्या काढल्या, म्हटलं एवढी पण निभावून नेऊ.

"अगं येडी!" मी मोठ्यानं हसलो. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! जुनी मॅच आहे, दिसत नाही होय मला? तुझी गंमत केली!"

जुई म्हणाली,

"म्हणजे आबा, इतके शनिवार मी एकटीच मॅच बघत होते?"