इतर नावे

आमच्या मुलुंडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चार दारं आहेत. एक माझं. एकाला कायम कुलूप, मालक डोंबिवलीला राहतात. उरलेल्या दोनपैकी एकात सीताराम तोरस्कर आणि त्यांची बायको, आणि समोरच्यात सीतारामची थोरली विधवा बहीण, विमलाताई.

सीतारामच्या बायकोला सगळे क्षमा म्हणायचे. मीही वहिनी म्हणायचो ते क्षमावहिनी म्हणूनच. तिचं माहेरचं नाव चंपा आहे हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं, तेही तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून.

ती देवगडकडची. सातवी पास. लग्न १९९१ साली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात, ते विमलाताईंनी निवडलं होतं. "चंपा काय? चंपा आमच्याकडे भांडी घासायला येते," असं त्या भर मांडवात म्हणाल्या आणि लोक हसले. तांदळावर 'क्षमा' उमटलं. नवऱ्या मुलीला कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धतही नाही.

सीताराम औषधांच्या कंपनीत सुपरवायझर होते. २०१४ मध्ये पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून कंपनीने त्यांना सिंगापूरची सहल दिली, सोबत घरचं एक माणूस. वहिनीने नवी चप्पलसुद्धा आणून ठेवली होती. मग पासपोर्टची वेळ आली. दाखला चंपा धोंडू गावडेच्या नावाचा, रेशनकार्ड क्षमा सीताराम तोरस्करच्या नावाचं, आणि लग्नाची नोंदणी कधी केलेलीच नाही. सीताराम म्हणाले, "तुझ्या कागदांची भानगड कोण निस्तरत बसणार? चार दिवसांचा तर प्रश्न आहे." विमलाताईंचा पासपोर्ट तयार होता. त्या गेल्या.

परत आल्यावर दोघा बहीणभावांचा कारंज्यासमोरचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लागला, जेवणाच्या टेबलासमोर. वहिनी आठ वर्षं त्या फोटोकडे तोंड करून जेवली.

२०२२ च्या जूनमध्ये त्यांच्या घराला रंग काढला. रंगाऱ्याने फोटो उतरवून ठेवला आणि वहिनीने तो कपाटामागे सरकवला. भिंत वाळते न वाळते तोच विमलाताई स्वतः हातोडी घेऊन आल्या. खिळा ठोकता ठोकता म्हणाल्या, "हिला काय कळणार त्याची किंमत? हिचं स्वतःचं नाव धड नाही कागदावर."

त्याच संध्याकाळी वहिनी माझ्या दारात उभी राहिली. गळ्यात मापाची टेप. ती घरी ब्लाउज शिवते, आमच्या अर्ध्या गल्लीचे.

"भाऊ, परदेशात जायला काय काय कागद लागतात? यादी करून द्या."

"कुठे जायचंय?"

"सिंगापूरच्या पुढं काय आहे?"

मी म्हटलं, "जपान आहे."

"मग जपान."

माझं शिक्षण कॉमर्सचं आणि आयुष्य हिशेबखात्यात गेलं, त्यामुळे यादी करणं हे मला जमणारं काम. पासपोर्ट, तोही सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा आणि कोरी पानं असलेला. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो. बँकेचं स्टेटमेंट. रोज कुठे जाणार, कुठे राहणार याचा दिवसवार तपशील. आणि तीन वर्षांचे आयकर रिटर्न.

"मला कर कुठं लागतो?"

"लागत नाही. पण भरलेलं दाखवावं लागतं."

"म्हणजे तीन वर्षं थांबायचं." तिने बोटांवर मोजलं. "चालेल. थांबायची सवय आहे."

जुलैमध्ये मी तिचं पहिलं रिटर्न भरलं. पॅनकार्डावर नाव क्षमा, म्हणून रिटर्नवरही क्षमा. तिने पावती पाहिली आणि म्हणाली, "पुढचं ह्या नावाने नको."

मग सुरू झाली नावाची मोहीम. प्रतिज्ञापत्र, अर्ज, राजपत्र. २०२३ च्या सुरुवातीला राजपत्रात दोन ओळी छापून आल्या. जुने नाव: क्षमा सीताराम तोरस्कर. नवे नाव: चंपा धोंडू गावडे. सीतारामनी तो कागद वाचला आणि त्यांचा आवाज माझ्या घरापर्यंत आला. "धोंडू गावडे? मी मेलो काय?"

"नाही," वहिनी म्हणाली. "जेवायला बसा."

आधार बदललं, पॅन बदललं. पासपोर्टचा अर्ज गेला. पोलीस ठाण्यातून हवालदार चौकशीला आला तेव्हा वहिनी ब्लाउज पोचवायला गेली होती, मी ऑफिसात. त्याने समोरचं दार वाजवलं. "चंपा धोंडू गावडे इथं राहतात ना?"

विमलाताई म्हणाल्या, "गावडे? अशी कोणी इथं राहत नाही."

शेरा प्रतिकूल गेला. वहिनी पोलीस ठाण्यात गेली तेव्हा हवालदारानेच सांगितलं की समोरच्या बाईंनी असं असं सांगितलं. ती घरी येऊन सीतारामसमोर उभी राहिली. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ती काय खोटं बोलली? आम्ही कधी तुला चंपा म्हटलंय?"

राजपत्र, आधार, वीजबिल आणि माझी साक्ष घेऊन ती पुन्हा ठाण्यात गेली. चार महिने वाया गेले, पण पासपोर्ट आला. विमलाताईंना ती एक शब्द बोलली नाही. उलट त्यांचा पोपटी ब्लाउज वेळेवर शिवून दिला. मला वाटलं, विषय मिटला. मी तिला तेव्हा ओळखलं नव्हतं.

२०२३ आणि २०२४ ची रिटर्न चंपाच्या नावाने गेली. २०२५ च्या मार्चमध्ये एका टूर कंपनीत तिने एप्रिलच्या जपान सहलीची एकच जागा घेतली. अर्ज भरायला आम्ही माझ्या टेबलावर बसलो. प्रवासाचा उद्देश या रकान्यात मी पर्यटन लिहिलं.

"सूड असं लिहायला जागा नाही का?"

"नाही."

"बरं. पर्यटन राहू दे."

पतीचं नाव, पतीचा व्यवसाय. "निवृत्त लिहा," ती म्हणाली. मग एक रकाना आला: इतर नावे, आधी या नावांनी ओळखले जात असल्यास.

"इथे क्षमा लिहावं लागेल," मी म्हटलं.

"नाही."

"वहिनी, पहिलं रिटर्न त्याच नावाचं आहे. फाइलमध्ये दोन नावं दिसणार. इथे कोरं ठेवलं तर माहिती लपवली असं होईल. व्हिसा नाकारतील."

"माका ता नाव नको." चिडली की ती मालवणीवर जाते. "तीन वर्षं त्याच्यासाठीच घातली ना मी?"

मी खूप समजावलं. शुक्रवारी कागद द्यायचे होते. सोमवारी तो रकाना कोरा होता, मंगळवारीही कोराच.

दरम्यान जपानची बातमी विमलाताईंपर्यंत गेली होती. त्यांच्या पासपोर्टची मुदत चार वर्षांपूर्वीच संपलेली, म्हणून त्यांनी घाईघाईने नवा अर्ज टाकला. "सीताराम, मीपण जाते. हिला एकटीला काय समजणार तिकडे?" असं मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

बुधवारी सकाळी साडेआठला, मी डबा घेऊन निघत असताना, हवालदार जिना चढून आला. चौकशी विमलाताईंची.

"दोन साक्षीदार लागतील. शेजारचे."

सीताराम आधार घेऊन धावले. "मी आहे ना, सख्खा भाऊ."

"भाऊ नाही चालणार. रक्ताचं नातं नको."

मी सही केली. चौथ्या दाराला कुलूप. विमलाताईंनी वळून हाक मारली, "क्षमा, ये गो, सही कर हिकडे."

वहिनी उंबऱ्यात आली. गळ्यात टेप होतीच.

"क्षमा इथं राहत नाही."

हवालदाराने मान वर केली. "म्हणजे?"

"नाटकं करू नको गो," विमलाताई हसल्या. "साहेबांना घाई आहे."

"मग लवकर सांगा. माझ्या आधारवर चंपा धोंडू गावडे आहे. अशी कोणी ह्या मजल्यावर राहते का? गेल्या वेळी नाही म्हणून तुम्हीच सांगितलंत. राहतच नसेल, तर तिची सही कशी चालेल?"

विमलाताईंनी भावाकडे पाहिलं. सीताराम स्वतःच्या आधारकार्डाकडे बघत होते.

हवालदार वैतागला. "बाई, ह्या इथं राहतात की नाही? नाहीतर साक्षीदार मिळाला नाही असं लिहून मी जातो."

"राहते."

"कोण?" हे वहिनीने विचारलं.

"चंपा."

"पूर्ण सांगा वन्सं. साहेबांना लिहायचंय."

विमलाताईंचा चेहरा मांडवातल्या त्या दिवशी वहिनीचा झाला असेल तसा झाला. "चंपा धोंडू गावडे."

"किती वर्षांपासून?" हवालदाराने फॉर्म बघत विचारलं.

"चौतीस."

वहिनीने पेन घेतलं आणि शाळकरी गोल अक्षरात सावकाश सही केली. मला त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला. त्याचं वाईट वाटलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती आली आणि म्हणाली, "लिहा त्या रकान्यात क्षमा."

"आता चालतं?"

"तिथं 'आधी' म्हटलंय ना? कालपर्यंत त्या मला त्याच नावाने हाक मारत होत्या. मग ते आधीचं कसं होणार? आता झालं."

मी लिहिलं. शुक्रवारी कागद गेले, पुढे व्हिसा आला. विमलाताईंचा पासपोर्टही आला, पण तोवर सहलीची यादी बंद झाली होती. त्याची पानं अजून कोरी आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनीने सिंगापूरच्या फोटोशेजारी दुसरा खिळा ठोकला आणि त्यावर दुप्पट मोठी चौकट अडकवली. रिकामी. "परत आले की माझा फोटो लावीन. आठ दिवस ह्यांना त्याच्यासमोर जेवू दे."

निघताना मी बॅग खाली आणून दिली. रिक्षा उभी होती. वर गॅलरीत सीताराम आले.

"क्षमा! अगं, चहाची पावडर कुठल्या डब्यात?"

तिने बॅग रिक्षात सरकवली.

"क्षमा!"

ती बसली, पदर सावरला. मग, मी चौतीस वर्षांत कधी ऐकला नव्हता असा पडलेला आवाज आला.

"चंपा... पावडर कुठे आहे?"

तिला नीट ऐकू गेलं होतं. तिने वर पाहिलं नाही. रिक्षावाल्याला म्हणाली, "चला, एअरपोर्ट."