वरच्या मजल्यावरची मावशी

बॉबलिंगेनला आमच्या डोक्यावर एक बाई कोंडलेली होती, आणि तिला सोडवणं माझ्या हातात होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू सावरायला लागले तर तुम्हाला कळेल.

होम ऑफिस असलं की अकरा वाजता छतातून आवाज यायचा. थप, थप, थप. भाकरी थापल्याचा. जर्मनीत! मी खूश. वरच्या वहिनी पुण्याच्याच. नवरा-बायको दोघंही सकाळीच कामावर जायची. दिवसा वर कोण असतं असं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "अगं, मावशी आहेत. हांबुर्गला माझ्या नणंदेकडे होत्या. तिला आता गरज नाही, म्हणून इकडे पाठवल्या." जुना सोफा पाठवावा तसं सांगितलं. मला खटकायला हवं होतं. मी म्हटलं, "नशीबवान आहात हो!"

मावशी कधी खाली उतरल्या नाहीत. मी दुपारी बेल वाजवली की दार न उघडता आतूनच म्हणायच्या, "किल्ली वैनींकडं असती, ताई." आवाज दाराच्या अगदी खालून यायचा, जमिनीला टेकून बोलल्यासारखा. तरी मी आपली गोड आवाजात, "मावशी, बऱ्या आहात ना?"

दिवाळीत चकल्यांचा डबा वर दिला. पुढच्या सोमवारी वहिनींनी तो परत आणून दिला. रिकामा डबा आपल्यात कोणी परत करत नाही; हलवून पाहिला, तर आत साखर वाजली. तसाच फडताळात ठेवून दिला.

गुरुवारी अकराला छत गप्प राहिलं. शुक्रवारीही. शनिवारी घरातली साखर संपली म्हणून मी तो डबा उघडला.

साखरेत घडी केलेला कागद होता. पेन्सिलीने लिहिलं होतं, "ताई, पासपोर्ट यांनी ठेवून घेतलाय. घरी फोन करू देत नाहीत. या गुरुवारी मला म्युनिककडं कुणाला तरी देणार आहेत. त्याआधी पोलिसांना सांगा."

मी अनवाणीच वर धावले.

वहिनी दारात हसल्या. "मावशी? कोण मावशी? काहीतरीच हं तुझं! आम्ही तर भाकरी खातच नाही."

मी भाकरीचं नावही काढलं नव्हतं.

पोलीस ठाण्यातला माणूस सज्जन होता. त्याने सगळं ऐकलं, टाइप केलं, कॉम्प्युटरवर वरच्या फ्लॅटची आन्मेल्डुंग, म्हणजे कोण कुठे राहतं त्याची सरकारी नोंद, पाहिली. त्या पत्त्यावर नवरा-बायको दोघांचीच नोंद. तिसरं माणूस तिथे कधी राहिलेलंच नव्हतं.

"शोधतो," तो म्हणाला. "फक्त त्यांचं नाव सांगा."

आठ महिने दाराला तोंड लावून मी तिच्याशी बोलले होते. नाव विचारावं असं एकदाही मनात आलं नाही, शरम वाटते सांगायला. मी घाईघाईने कागद पुन्हा उलगडला. तळाशी सही होती.

तुमची मावशी.